रुळांना हवा असलेला रिकामा तास

विदर्भात मे महिन्याच्या भर दुपारी उघड्यावरचा रूळ 60 अंशांच्या घरात तापतो. लोखंड तापलं की लांबतं, हे आपण शाळेतच शिकतो. त्या हिशेबानं, तापमान 30 अंशांनी चढलं की एक किलोमीटरचा रूळ सुमारे 34 सेंटिमीटर वाढायला हवा. पूर्वी त्यासाठी दर 13 मीटरवर सांध्यात फट ठेवत. प्रवासातला तो ठेक्यातला खडखडाट तिथलाच. आता किलोमीटरच्या किलोमीटर रूळ वेल्डिंगनं एकसंध केलेले असतात. मग ही वाढ जाते कुठे?

कुठेच जात नाही! पुढे सरकायला वाव नसलेला रूळ आतल्या आत दाबला जातो आणि एकेका रुळात हा जोर 50 टनांहून अधिक होतो. रूळ एक किलोमीटरचा असो वा दहा, जोर तेवढाच. हा अजस्र जोर थोपवून धरतात काँक्रीटचे स्लीपर, पोलादी क्लिपा आणि साधी खडी. एकमेकींत अडकून बसणारी ही टोकदार खडी भर उन्हात कामासाठी सैल केली, तर रूळ नागमोडी होऊन बाहेर फेकला जाऊ शकतो. थंडीत याच्या उलट. रूळ आक्रसायला बघतो, ताण येतो आणि पहाटेच्या गारठ्यात एखादं वेल्डिंग तडकतं.

म्हणून कीमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारा रेल्वे कर्मचारी, रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासतो. सैल क्लिप दिसली की हातोडीनं ठोकून बसवतो. रूळ तुटलेला दिसला, तर लाल झेंडी लावून गाडी येणार त्या दिशेनं धावत सुटतो. 600 मीटरवर एक पटाखा रुळावर बांधायचा, 1200 मीटरवर आणखी तीन, दहा-दहा मीटर अंतरानं. चाकाखाली ते फुटले की चालक ब्रेक लावतो. वंदे भारतच्या जमान्यातही शेकडो जीव या धावेवर विसंबून असतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण डोळ्यांना दिसणारा दोष दुरुस्त करायलाही गाड्या थांबवाव्या लागतात. त्या मोकळ्या वेळेला रेल्वेत ‘ब्लॉक’ म्हणतात, आणि खरं राजकारण त्याच वेळेवरून चालतं. प्रत्येक खासदाराला आपल्या गावी नवी गाडी हवी असते, जुन्या गाडीला थांबा हवा असतो. ब्लॉक मागायला शिष्टमंडळ गेल्याचं कधी ऐकलंय? मुंबईकर रविवारच्या मेगाब्लॉकवर चिडतात. वास्तविक आठवड्यातून तेवढाच अवधी रुळांच्या वाट्याला येतो. तो न घेता काम केलं तर काय होतं, ते 19 ऑगस्ट 2017 रोजी उत्तर प्रदेशात खतौलीला दिसलं. ब्लॉकशिवाय रुळाचं काम सुरू असताना उत्कल एक्स्प्रेस भरवेगात आली आणि वीसहून अधिक माणसं गेली.

पैशाचीही हीच कथा. अनिल काकोडकर यांच्या समितीनं फेब्रुवारी 2012 मध्ये सुरक्षेसाठी पाच वर्षांत 1 लाख कोटी रुपये लागतील असं सांगितलं. रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी मार्चच्या अर्थसंकल्पात सुरक्षेचं कारण देऊन भाडं वाढवलं. साध्या दुसऱ्या वर्गाला किलोमीटरमागे दोन पैसे. त्यांच्याच पक्षाच्या नेत्या ममता बॅनर्जी भडकल्या, काही दिवसांत त्रिवेदींना मंत्रिपद सोडावं लागलं आणि दुसऱ्या वर्गाची वाढ मागे घेतली गेली.

समितीनं सांगितलेल्या तेवढ्याच, 1 लाख कोटींच्या रकमेचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष 2017 मध्ये उभा राहिला. तरी 2022 च्या ‘कॅग’ अहवालानुसार रुळांची मोजणी करणाऱ्या गाड्यांच्या तपासण्या 30 ते 100 टक्के कमी पडल्या होत्या. काकोडकर समितीनं आणखी एक गोष्ट मागितली होती: गाड्या चालवणाऱ्यांच्या हाताखाली नसलेलं, कायद्यानं अधिकार मिळालेलं स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरण. आज अपघाताची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतात; म्हणजे रेल्वेपासून स्वतंत्र खरे, पण त्यांच्या शिफारशी मानायच्या की नाही हे शेवटी रेल्वेच ठरवते.