दुकानाचा हिशेब ठेवता, रक्तदाबाचाही ठेवा

साकोली हे नागपूर-रायपूर महामार्गावरचे तालुक्याचे ठिकाण. पंक्चर, वेल्डिंग, बॅटरी, गॅरेज, हॉटेल हे इथले धंदे रस्त्यावर चालतात. ट्रक आला की वेळकाळ न पाहता उठावे लागते. धानाच्या हंगामात तर उसंतच नसते. अशा धंद्यांत आपले बांधव बरेच आहेत, म्हणून हा विषय आम्ही व्यापाराच्या पानावर घेतला आहे.

कामाचा आणि रक्तदाबाचा संबंध जवळचा आहे. अपुरी झोप, उधारी वसुलीची काळजी, सततचा आवाज आणि दिवसभर एका जागी बसणे यांनी दाब वाढण्यास मदत होते. जुन्या बॅटऱ्या खोलणाऱ्यांच्या शरीरात शिसे जाते, तेही दाब वाढवते. त्यात खर्रा, विडी, लोणचे आणि फरसाण यांची भर पडते. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली सांगितले. आपल्यापैकी किती दुकानदार ५५ तासांत दुकान आवरतात?

हा आजार बहुधा काहीच त्रास देत नाही. म्हणून माणूस तपासत नाही, आणि तपासले तरी बरे वाटताच गोळी सोडतो. एका माणसाच्या हातावर चालणारे दुकान पक्षाघाताने एका दिवसात बंद पडते.

सोय मात्र दाराशी आहे. केंद्र सरकार, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारांनी २०१७ साली उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातील पहिल्या चार जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा यांच्यासोबत आपला भंडारा होता. ठरलेली औषधे, एका वेळी महिन्याच्या गोळ्या आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ही त्याची पद्धत. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत.

वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी दाब मोजून घ्यावा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी, खर्रा नको. पाच मिनिटे शांत बसावे. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे राहिला, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मीठ दिवसाला एका लहान चमच्यापेक्षा कमी असावे. रमजानमध्ये गोळी सहेरीला घ्यायची की इफ्तारला, हे चाँद दिसण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. स्वतःच्या मनाने बंद करू नये.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. जुम्याला दुकान बंद ठेवताच, तर त्यातला अर्धा तास काढून दवाखान्यात जाऊन या. सोबत कारागिरांनाही न्या, अशी आमची मालक मंडळींना विनंती आहे.