कान शिवला, आता मैदानात केव्हा?



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर एक आई आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. मुलाचे कान जन्मतःच पुढे आलेले. शाळेत मुले त्याला 'सुपकान्या' म्हणून चिडवीत. अखेर आईबापांनी पैसे साठवून त्याच्या कानांवर शस्त्रक्रिया करून घेतली. टाके काढून चार दिवस झाले होते आणि मुलाने कबड्डीसाठी हट्ट धरला होता. "फादर, वरून तर सगळं बरं दिसतंय. जाऊ देऊ का?" असे ती विचारू लागली.

शेवटचा शब्द टाके घालणाऱ्या डॉक्टरांचा, हे आम्ही तिला सांगितले. परंतु हा प्रश्न इतर घरांतही पडत असणार, म्हणून या पानावर त्याचा विचार करू.

आधी एक शंका दूर करू. देवाने दिलेला कान बदलणे हा गर्व नव्हे काय, असे काही जण विचारतात. गेथशेमनी बागेत पेत्राने मल्ख नावाच्या चाकराचा कान तोडला, तेव्हा स्वतःला धरून नेले जात असतानाही प्रभूने तो कान बरा केला. ज्या कानासाठी प्रभू त्या घटकेला थांबला, त्या कानाची काळजी घेण्यात पाप कसले? आपल्या देशात तर सुश्रुताने फाटलेली पाळी जोडण्याच्या पंधरा रीती प्राचीन काळीच सांगून ठेवल्या आहेत. 'प्लास्टिक सर्जरी' म्हणजे प्लास्टिक बसवणे नव्हे. आकार देणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते नाव आले आहे.

आता मूळ मुद्दा. कानाच्या वरच्या भागात कातडीखाली कूर्चा असते. तिलाच आपण मऊ हाड म्हणतो. पुढे आलेला कान मागे घेताना डॉक्टर या कूर्चेला आतून टाके घालून नवी घडी देतात. वरची कातडी आठ-दहा दिवसांत मिळून येते, पण आतली घडी पक्की व्हायला सुमारे सहा आठवडे तरी लागतात. भिंतीचा गिलावा वरून सुकलेला दिसतो आणि बोट लावले की आत ओल लागते, तसेच हे आहे. फसगत होते ती इथेच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातूनच तिचे पोषण होते. धावताना, ओझे उचलताना, कुंथताना किंवा खाली वाकून काम करताना डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो. ताज्या जखमेत त्यामुळे रक्त सुटून आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये साचू शकते. मग कूर्चेचे पोषण तुटते, ती मरते आणि कान आक्रसतो. आमच्या बेळगाव-कोल्हापूरकडच्या तालमींतील जुन्या पैलवानांचे गाठाळलेले कान आपण पाहिलेच असतील. मार लागून कानात रक्त साचते, वेळेवर काढले जात नाही, त्याचेच ते फळ.

म्हणून कामाला आणि खेळाला पायरीपायरीने परतावे. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर साधारण क्रम असा:

पहिला आठवडा: विश्रांती. डोक्याखाली दोन उशा घेऊन उताणे झोपावे. पट्टी स्वतः सोडू नये, ओली करू नये. घरात आणि अंगणात चालावे. शौचाला जोर करावा लागू नये म्हणून पालेभाजी आणि पाणी भरपूर घ्यावे.

दुसरा व तिसरा आठवडा: सपाट रस्त्यावर सावकाश चालणे. शाळेत जाण्यास हरकत नाही, पण मैदानात नको. घाम गळेल असे काहीही करू नये.

तिसऱ्या आठवड्यानंतर: डॉक्टरांच्या संमतीने भरभर चालणे, मग हलके धावणे. कानात ठणका सुरू झाला की त्याच क्षणी थांबावे आणि पुढचे दोन-तीन दिवस मागच्या पायरीवर यावे.

सहा आठवड्यांनंतर: दंड-बैठका, वजन उचलणे आणि विहिरीत पोहणे, तेही डॉक्टरांनी कान पाहिल्यावर.

कबड्डी, कुस्ती, फुटबॉल: यांत कानाला हिसका किंवा मार बसतो. सहा आठवड्यांच्या आत मुळीच नको. पुष्कळ डॉक्टर तीन महिने थांबायला सांगतात.

रात्री कान दुमडू नये म्हणून मऊ पट्टा बांधायला सांगितला असेल तर तो सांगितलेले सर्व दिवस बांधावा.

शेतकऱ्याच्या घरी व्यायाम म्हणजे शेतच. रोप लावणीला तासन्‌तास वाकावे लागते. चुंबळ ठेवून डोक्यावर पाटी घेतली की तोल जाताच हात आणि पाटी कानावर येतात. बैलाने मान झटकली की शिंग लागते. तेव्हा वरचा क्रम शेतकामालाही तितकाच लागू आहे.

आमच्या भगिनींमध्ये अधिक दिसते ती फाटलेली पाळी. जड झुमके, नाहीतर कडेवरच्या बाळाने ओढलेली कुडी. पाळीत कूर्चा नसते, त्यामुळे ती लवकर जुळते. टाके साधारण आठवडा-दहा दिवसांत काढतात. तोवर पदर, कंगवा आणि बाळाचे हात जपावेत आणि ओझे टाळावे. पुन्हा टोचायचे ते सुमारे तीन महिन्यांनी, जुन्या व्रणावर नव्हे तर शेजारी, आणि मग दागिना हलका घालावा. व्रण जाड होऊन वाढू लागला तर डॉक्टरांना दाखवावा.

आता धोक्याच्या खुणा. एकाच कानात दुखणे एकाएकी वाढले, कान निळसर होऊन फुगला, रक्त थांबेना, किंवा काही दिवसांनी कान लाल व गरम होऊन ताप आला, पू आला, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, गरम तेल यांतले काहीही जखमेवर घालू नका. ॲस्पिरिनने रक्त वाहण्याची भीती वाढते, म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून ती गोळी घेऊ नका.

शेवटी घरातील वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलाचा हट्ट आवरता येतो. पण कान शिवलेली सून पाचव्या दिवशी चिखलात उतरते, तेव्हा तो तिचा हट्ट नसतो. तिला कोणी 'थांब' म्हटलेले नसते, एवढेच. तिची पाटी दोन आठवडे दुसऱ्या कोणी उचलली तर पीक बुडणार नाही. एकमेकांची ओझी वाहावीत ही शिकवण आपण मंदिरात ऐकतो. ती बांधावरही पाळू या.

त्या मुलाची कबड्डी तूर्त राहिली आहे. सध्या तो मैदानाच्या कडेला बसून गुण मोजतो.