एल्कहार्टची दोन घराणी

आमच्या घरात गाण्याचं वेड आधी आलं, चाकांवरच्या घराचं नंतर. बायको काळी पाचमध्ये गाते, मुलगा तबला वाजवतो, मुलगी शाळेच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायची आणि पेटी माझ्याकडे, कारण मला दुसरं काही येत नाही. शिकागोच्या उपनगरात राहणाऱ्या अशा कुटुंबाची सुट्टीत एकच पंचाईत होते: हॉटेलात रियाज करता येत नाही. यमन जरा कुठे रंगायला लागला की भिंतीपलीकडचा पाहुणा खाली फोन लावतो. म्हणून कँपर घेतला. आता गाडीतच झोपायचं, गाडीतच स्वयंपाक आणि तबला-पेटी बरोबर, असं आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तमाशाचा फडच की रे!" तिचं माहेर नारायणगावकडचं. फडमालकांच्या राहुट्या तिनं लहानपणापासून पाहिलेल्या.

पहिला कँपर पॉप-अप होता. हँडल फिरवलं की छप्पर वर जातं, दोन्ही बाजूंना पलंग बाहेर सरकतात आणि भिंती कापडी. स्वस्त, हलका, कुठल्याही गाडीमागे जोडता येणारा. पण कापडी भिंतीतून रात्रीचं दव सरळ आत येतं. दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते, सूर उतरतो आणि मग सकाळी सकाळी हातोडीनं गट्टे ठोकणं सुरू होतं. आजूबाजूचे गोरे शेजारी कॉफीचे मग घेऊन बघायला यायचे. त्यांना वाटायचं, काहीतरी दुरुस्ती चालली आहे. पेटीचं दुखणं वेगळं. लाकूड फुगलं की पट्ट्या अडकतात, आणि दाबलेला मध्यम वर यायलाच तयार नसतो. तेव्हापासून आमच्याकडे आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र पेटीच्या खोक्यातच असतं. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मधे असला की सगळे खूश.

मग घेतला जुना, टणक भिंतींचा ट्रेलर. त्यासोबत आलं वजनाचं शास्त्र. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढे, गाडीला जोडणाऱ्या हुकावर पडायला हवा. जड सामान मागे भरलं की हा भार कमी होतो आणि हमरस्त्यावर ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो. त्यामुळे पेटी, डग्गा, अँप्लिफायर पुढच्या बाजूला आणि पोहे-रवा-लोणची मागे, असा आमचा नकाशा ठरला. फ्रिजची तऱ्हा आणखी न्यारी. गॅसवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. खाली ज्योत जळते आणि अमोनिया, पाणी व हायड्रोजन यांच्या खेळातून वर थंडी तयार होते. ट्रेलर तिरका उभा राहिला की आतला प्रवाह अडतो. आमच्याकडे मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम ट्रेलर पातळीत आणणं आणि दुसरं तबला सुरात आणणं.

आणि विजेचा हुंकार! अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या पोटातून येणारी घरघर 120 हर्ट्झची. पेटीच्या भाषेत सांगायचं, तर ही घरघर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मधोमध बसते. कुठल्याच पट्टीची नाही. काळी पाचात गाणाऱ्या माणसाच्या कानाशी, त्याच्या षड्जापेक्षा पाव स्वर चढा असा हा अखंड तंबोरा वाजत राहिला तर काय होईल, ते बायकोला विचारा. आम्ही विजेची जोडणी काढून बॅटरीवर बसायला लागलो ते त्यामुळे. निसर्गप्रेम वगैरे नंतरचं.

आता थोडा इतिहास, तोही घाईतच. 1910 साली पिअर्स-अॅरो कंपनीनं झोपायची सोय असलेली मोटार दाखवली, 1931 मध्ये वॉली बायम यांची एअरस्ट्रीम कंपनी निघाली, 1966 पासून आयोवातल्या विनेबेगोनं कारखान्यात मोटरहोम काढून ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. बाकी कोणत्याही पुस्तकात मिळेल.

मला सांगायचं आहे ते एल्कहार्टबद्दल. मुलीच्या हौसेपायी एका जुन्या वस्तूंच्या दुकानात कॉन कंपनीचा कॉर्नेट घेतला. त्याच्या कर्ण्यावर नक्षीत कोरलं होतं: एल्कहार्ट, इंडियाना. घरी येऊन ट्रेलरच्या दारावरची पट्टी पाहिली, तर तिथेही एल्कहार्ट! शिकागोपासून गाडीनं दोनेक तासांवर, सेंट जोसेफ नदीकाठी वसलेलं हे छोटं शहर. देशातल्या बहुतेक आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, या शहरात आणि त्याच्या आसपास तयार होतात, आणि बँडच्या वाद्यांची राजधानी म्हणूनही तेच ओळखलं जातं. त्यानंतर मी तिथे इतक्यांदा गेलो आहे की घरचे आता बरोबर यायला नाही म्हणतात.

वाद्यांची कथा सुरू होते ती फाटलेल्या ओठापासून. चार्ल्स जेरार्ड कॉन हा यादवी युद्धात लढलेला, कॉर्नेट वाजवणारा गडी. मारामारीत त्याचा ओठ फुटला आणि कॉर्नेटचं धातूचं मुखपट्ट, म्हणजे माउथपीस, लावणं असह्य झालं, असं सांगतात. त्यानं मुखपट्टाच्या काठाला रबर बसवलं आणि शिलाई मशीनच्या सांगाड्यातून लेथ तयार करून तशी मुखपट्टं विकायला सुरुवात केली. 1875 मध्ये पेटंट मिळालं. पुढे कॉर्नेट, सॅक्सोफोन, सगळंच. 1883 मध्ये कारखाना जळाला, पुन्हा उभा राहिला. 1910 मध्ये परत जळाला. हा गृहस्थ शहराचा महापौरही झाला, वर्तमानपत्र काढलं, वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये बसून आला. त्याच्या हाताखालून बाहेर पडलेल्या ब्यूशरसारख्या कारागिरांनी आपापले कारखाने थाटले. गुरूकडून फुटून शिष्यानं नवी गायकी काढावी, हे आपल्याला नवं नाही. 1948 मध्ये जर्मनीहून आलेल्या कुर्ट गेमाइनहार्टनं इथेच बासऱ्यांचा कारखाना काढला, आणि बाक ट्रंपेटही न्यूयॉर्क राज्य सोडून 1960च्या दशकात इथे आले.

ट्रेलरचं घराणं वयानं लहान. 1930च्या दशकात विल्बर शुल्टसारख्यांनी इथे ट्रेलर बांधायला घेतले आणि मंदीतही ते खपले. पण त्या धंद्याला स्थैर्य नाही. 2009 साली इथली बेकारी वीस टक्क्यांच्या जवळ गेली होती, आणि राष्ट्राध्यक्ष ओबामा सत्तेवर येताच इथे येऊन गेले. 2021 मध्ये उलट: साऱ्या देशाला घराबाहेर पडायचं होतं, आणि वर्षभरात विक्रमी सहा लाख आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या.

या कारखान्यांत आमिश पंथाचे कामगार मोठ्या संख्येनं आहेत. स्वतः मोटार बाळगत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून फिरतात. जुन्या वळणाच्या आमिशांच्या प्रार्थनेत वाद्य नसतं; घरीही वाद्याला सहसा मज्जाव, फार तर माउथ ऑर्गन चालवून घेतात. म्हणजे मोटारी आणि वाद्यं यांवर पोसलेल्या गावाचे सर्वांत कसबी सुतार या दोन्हींपासून दूर. पहाटे कामावर हजर, दुपारी लवकर सुट्टी, मग सायकलींची रांग शेतांकडे. ती रांग पाहायला मी मुद्दाम थांबतो.

आरव्हींचं संग्रहालयही इथेच, टोल रोडला लागून. 1913 सालचा लाकडी 'अर्ल' ट्रेलर तिथे आहे. तंबूचा नसलेला सर्वांत जुना ट्रेलर तोच असं मानतात. तो फोर्डच्या मॉडेल टी मागे ओढायचे. मला मात्र तिथली 1931ची शेवर्ले अधिक आवडते. नटी मे वेस्टनं सिनेमात यावं म्हणून पॅरामाउंटनं तिला दिलेली ही घरगाडी. मागे छोटा सज्जा आहे, बाई तिथे खुर्ची टाकून बसत. कलावंतांची बडदास्त कशी ठेवावी, हे आमच्या संमेलनांच्या आयोजकांनी तिथे जाऊन पाहावं.

खरी मैफल बघायची तर इंडियानाच्या दक्षिणेला बीन ब्लॉसमला जावं. ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो यानं 1967 पासून तिथे जूनमध्ये महोत्सव भरवायला सुरुवात केली. मंचावर जे चालतं ते चालतंच, पण मजा असते ट्रेलरांच्या रांगांमध्ये. प्रत्येक छताखाली बँजो, फिडल, मँडोलिन घेऊन आजोबा-नातू बसलेले. मुलानं तिथे केरवा धरला तेव्हा बँजोवाले काका आधी थबकले. मग लग्गी सुरू झाल्यावर त्यांनी हॅट काढून जमिनीवर ठेवली आणि मांडी ठोकून बसले. रात्री उशिरापर्यंत कुणालाच उठायचं नव्हतं.

तिसरा ट्रेलर आम्ही नवाकोरा घेतला, त्या 2021च्या घाईतला. कंपनीचं नाव घेत नाही. दुसऱ्याच पावसाळी मुक्कामात छताच्या सांध्यातून पाणी झिरपलं आणि थेट पेटीच्या खोक्यावर ठिबकलं. भाता वाचला, खालच्या सप्तकाचे दोन सूर गेले. त्या रात्री मुलीचा कॉर्नेट शेजारीच होता, माझ्या आजोबांच्या वयाचा, तिन्ही झडपा तेल घातल्यावर लोण्यासारख्या चालणाऱ्या. एकाच गावची कारागिरी, पण एक ओठाला लागेल या धास्तीनं केलेली, दुसरी तासाला किती नग निघतात या हिशेबानं. सगळेच ट्रेलर असे नसतात, जुन्या ट्रेलरनं आम्हाला कधी दगा दिला नाही. पण गर्दीच्या वर्षातला माल घेऊ नये, हे माझं ठाम मत झालं आहे.

तेव्हा इकडच्या मराठी मंडळींपैकी कुणी ट्रेलर घ्यायच्या विचारात असेल, तर चार-पाच पावसाळे काढलेला जुना घ्या, म्हणजे त्याचे दोष बाहेर आलेले असतात. बघायला जाताना धो धो पावसाचा दिवस निवडा, आत शिरल्यावर छताच्या चारही कोपऱ्यांना हात लावा, आणि विकणारा गप्पा मारत असला तरी वर बघत राहा.