पायाशी सिलिंडर, मागे आई

गॅसचा सिलिंडर स्कूटरवर ठेवायचा तर आधी एक पोतं चौघडी करून खाली घालावं लागतं. आमच्या स्कूटरला पाय ठेवायच्या जागेत मधोमध लांबट उंचवटा होता. सिलिंडरची बुडाची कडी त्यावर टेकली की तो डुगडुगायचा. पोत्याची घडी उंचवट्याच्या दोन्ही अंगांना दाबून बसवली की मग हलत नसे. पुढचं काम त्याहून नाजूक. उजव्या पायाचा ब्रेक मोकळा राहायला हवा, म्हणून सिलिंडर दोन बोटं डावीकडे सरकवायचा. इंजिन उजव्या बाजूला असल्यामुळे स्कूटरचा मूळचा कल तिकडेच, तेव्हा ओझं जरासं डावीकडे गेलेलं बाबांना बरंच वाटायचं. टाचा कडेला, गुडघे सिलिंडरला लागून, वरची टोपी घट्ट बसली आहे ना हे हाताने चाचपून. मग आई मागे बसायची, पदर खोचायची आणि बाबांच्या खांद्यावर दोनदा थोपटायची. म्हणजे, निघा.

घरगुती सिलिंडरमधला गॅस १४.२ किलोंचा. रिकाम्या टाकीचं वजनही जवळपास तेवढंच, म्हणजे भरलेला नग तीस किलोंच्या घरात जातो. गॅसची गाडी कधी कधी पंधरा-पंधरा दिवस गल्लीत फिरकायची नाही. मग रिकामा सिलिंडर घेऊन गोदाम गाठायचं आणि भरलेला घेऊन परत यायचं. साताऱ्याच्या चढ-उतारांवर हे ओझं पायाशी ठेवून येणं म्हणजे काय, हे त्या रस्त्यांनी रोज चालणाऱ्याला सांगायला नको.

स्कूटर होती प्रिया. ती आमच्या गावचीच. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून प्रिया बाहेर पडू लागली. तिकडे आकुर्डीला बजाजची चेतक १९७२पासून बनत होती. महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव तिला दिलेलं. चेतकसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत, काही काळ तर ही रांग दहा वर्षांपर्यंत गेली होती. इतकी वाट पाहून दारात आलेली वस्तू फक्त कचेरीत जाण्यायेण्यापुरती वापरणं कुणाला परवडणार? घरात तेच एक वाहन. टेम्पो करायचा तर पैसे पडतात, हमाल करायचा तर पडतात. मग दळण, गादी, शिडी, सिलिंडर, आंब्याच्या पेट्या, गणपती, जे जे घरी आणायचं ते ते स्कूटरवरून आलं.

या यंत्राचा मूळ आराखडा काढणाऱ्याच्या डोक्यात मात्र ओझं नव्हतं. इटलीतल्या पोन्तेदेरा गावी पियाज्जिओ कंपनी विमानं बनवत असे. युद्धात कारखाना उद्ध्वस्त झाला आणि मग साध्या माणसाला परवडेल असं वाहन काढायचं ठरलं. ते काम आलं कोर्रादिनो द'अस्कानियो या अभियंत्याकडे. हा हेलिकॉप्टर घडवणारा माणूस, मोटरसायकल त्याला मुळीच आवडत नसे. तिची तेलकट साखळी, कपड्यांवर उडणारा चिखल, चढताना टांग टाकावी लागणं, हे सगळं त्याने काढून टाकलं. इंजिन नेऊन थेट मागच्या चाकापाशी बसवलं, साखळी गेली. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. सांगाड्यासाठी नळ्या न वापरता पत्रा दाबून असं अंग घडवलं की तेच सांगाडा आणि तेच आवरण. आणि बसणाऱ्याच्या पायांसमोर मोकळी, सपाट जागा ठेवली. १९४६ साली ही व्हेस्पा रस्त्यावर आली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. दोनच वर्षांनी त्याच कारखान्याने तिला मागे दोन चाकं आणि मालाचा हौदा जोडून आपे काढली. आपे म्हणजे मधमाशी. आपल्याकडची ऑटोरिक्षा याच घराण्यातली.

इटलीत ओझ्यासाठी वेगळी माशी होती. आपल्याकडे १९५९मध्ये बजाजला दुचाकी आणि तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळाला, व्हेस्पा आली, पियाज्जिओशी करार १९७१मध्ये संपल्यावर चेतक आली, आणि दोन्ही माश्यांचं काम मध्यमवर्गीय घरांनी एकटीकडून करून घेतलं. कपडे मळू नयेत म्हणून ठेवलेल्या त्या पायाशीच्या जागेचा खरा उपयोग आपण शोधला, असं मला अगदी मनापासून वाटतं. मोटरसायकलवर ओझं ठेवायला जागा दोनच, मागची आणि टाकीवरची, दोन्ही उंच. स्कूटरची जागा जमिनीपासून वीतभर वर आणि बरोबर दोन चाकांच्या मध्ये. तिथे तीस किलो ठेवले तर ते दोन्ही चाकांवर वाटले जातात आणि तोल खाली राहतो. तेच तीस किलो स्टेपनीच्याही मागे बांधले तर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल पोकळ लागायला लागतं.

पोकळ हँडल म्हणजे काय, ते मी नववीत असताना कळलं. कोरेगावहून गव्हाची दोन पोती आणायची होती. दोन्ही मागे आडवी रचली, एक सीटवर आणि एक स्टेपनीवर, आणि मी पुढे बाबांच्या पायांत उभा. सपाट रस्त्यावर काही जाणवलं नाही. गावात शिरल्यावर चढ लागला, बाबांनी गिअर टाकून क्लच सोडला आणि पुढचं चाक जमिनीवरून सुटलं. हातभर नसेल, पण हँडल बाबांच्या हातात असूनही कुठेच जात नव्हतं, आणि आम्ही दोघं आडवे झालो. एक पोतं फुटलं, रस्ताभर गहू. शेजारच्या दुकानातल्या बाईंनी सूप आणि झाडू आणून दिला. गोळा करता करता बाबा एवढंच म्हणाले, "एक पोतं पुढं घ्यायला हवं होतं. तू चालत आला असतास." पुढे कधीही त्यांनी मागे दोन पोती बांधली नाहीत.

स्कूटरवर बांधायचं कसं, हे कुठल्या पुस्तकात नाही. सुतळी चालत नाही, ती कापते. नायलॉनची दोरी घट्ट बसते, पण पोतं मैलभराच्या धक्क्यांनी दबलं की तीच सैल पडते. म्हणून जाणता माणूस किलोमीटरभर गेल्यावर थांबतो, दोरी पुन्हा आवळतो आणि मग निघतो. सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी. पंक्चरवाल्याकडे ती मागितली की मिळायची. ताणून बांधली की माल दबला तरी ती मागोमाग आत येते, पकड सोडत नाही. गाठ मात्र सुरगाठ हवी, कारण उतरवताना एका ओढीत सुटायला हवी. निरगाठ मारलीत तर दारात उभं राहून दातांनी सोडत बसा. आणखी एक गोष्ट फक्त जुन्या स्कूटरवाल्यांनाच ठाऊक असते: पेट्रोलचं झाकण सीटखाली. सीटवरून माल आवळला की वाटेत पेट्रोल भरता येत नाही, म्हणून टाकी आधी भरायची. किक उजव्या बाजूला, तिच्या फेऱ्यात दोरीचं टोकसुद्धा येता कामा नये.

पण ट्यूब आणि दोरी ही पोत्यांची सोय. जे बांधता येत नाही त्याचं काय? शिडी, काच, प्लायवूडचा तक्ता, पडद्यांचे पाइप, ट्यूबलाइट, गणपती. या सगळ्यांसाठी स्कूटरला एकच कॅरिअर होता: मागे बसलेलं माणूस. स्कूटरवरच्या ओझ्यांचं कौतुक नेहमी चालवणाऱ्याच्या वाट्याला येतं. ते मला पटत नाही. शिडी नेताना मागचा माणूस तिच्या दोन पायऱ्यांमधून हात घालून ती खांद्यावर घेतो. वळताना शिडीचं मागचं टोक कुठे फिरणार याचा अंदाज त्यालाच असतो, समोरच्या माणसाला ते दिसतही नाही. काच नेताना ती दोघांच्या मध्ये उभी धरतात, खाली वर्तमानपत्र आणि हाताशी फडकं, आणि मागच्याने खड्ड्यात काच अलगद उचलून धरायची. धक्का आपल्या मनगटात घ्यायचा, काचेला द्यायचा नाही. वळणावर स्कूटर झुकते तेव्हा तिच्याबरोबर झुकायचं. घाबरून उलट्या बाजूला रेललात तर दोघंही खाली.

आई हे सगळं कुठे शिकली, मला माहीत नाही. ती एका बाजूला पाय घेऊन बसायची, म्हणजे तोल आधीच अर्धा गेलेला, आणि त्यात मांडीवर गणपती. मूर्तीचं तोंड आपल्याकडे, डोक्यावर रुमाल, डावा हात मूर्तीच्या पाठीशी, उजव्याने बाबांची कंबर. खड्डा दिसला की बाबा "हं" म्हणायचे आणि ती मूर्ती बोटभर वर उचलायची. मोती चौकापासून घरापर्यंत असे किती "हं" व्हायचे. मूर्तीचा कधी टवका उडाला नाही.

उघड्या रस्त्याची गोष्ट वेगळी. गादी किंवा तक्ता वाऱ्याला आडवा आला की शीड होतो. एखादा ट्रक शेजारून गेला की आधी बाजूला ढकलतो आणि लगेच आत ओढतो. दहा इंचांच्या चाकांवर ते सावरणं सोपं नाही. हायवेला गादी घेऊन जाणारी जोडपी आजही दिसतात आणि मला त्यांना थांबवून सांगावंसं वाटतं की गादी गुंडाळून उभी घ्या, आडवी नको. कायद्यालाही या प्रश्नाला हात घालावा लागला आहे. २०२०मध्ये केंद्र सरकारने दुचाकीवरच्या हलक्या पेटीसाठी मापं ठरवून दिली: लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटर, आणि पेटी मागच्या माणसाच्या जागी असेल तर मागे कुणी बसायचं नाही. हे मला योग्य वाटतं. आम्ही केलं ते सगळं सुरक्षित होतं असा माझा दावा नाही. ते गरजेचं होतं आणि ते काळजीपूर्वक केलं जात होतं, इतकंच मी म्हणेन.

ओझी वाहणाऱ्या आणखी दुचाक्याही होत्या. फिरोदियांची लुना १९७२ची, पायडल मारायची ५० सीसीची. बजाजची एम-८० १९८६ची. गावोगावच्या दूधवाल्यांनी तिला दोन्ही बाजूंनी आकडे बसवून किटल्या लटकवल्या आणि ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी चाऱ्याचे भारे बांधले. होसूरची टीव्हीएस एक्सएल अजून बनते. तिची मागची सीट काढून ठेवता येते, म्हणजे कंपनीनेच तिचा धर्म मान्य केला आहे. २०२४मध्ये लुना विजेवर परत आली ती दीडशे किलो वाहण्याचं सांगत. पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात दसऱ्याच्या आदल्या दिवशी जा, झेंडूच्या गोण्यांखाली यातली कुठली गाडी आहे ते ओळखू येत नाही. गोव्यात भोंगा वाजवत दारावर येणाऱ्या मासेवाल्याच्या मागेही अशीच एखादी पेटी आवळलेली असते.

चेतक आणि प्रिया गेल्या. बजाजने २००९मध्ये स्कूटर बनवणंच थांबवलं आणि २०२०मध्ये चेतक हे नाव विजेच्या गाडीवर पुन्हा आणलं. त्याआधीच, १९८४मध्ये, कायनेटिक होंडा आली होती. बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली. माझ्या मते ओझ्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा फरक तिने केला, कारण मागे बसणारी बाई पुढे आली. आता पायाशी दळणाचा डबा, हुकाला भाजीची पिशवी आणि मागे दप्तर घेतलेलं मूल, ही सगळी मांडणी तीच करते, कुणाच्या "हं"ची वाट न बघता.

माझी बहीण साताऱ्यातच असते. मागच्या भाद्रपदात मूर्ती आणायला मी गाडी काढणार होतो. आईने नको म्हटलं. चारचाकीत मूर्ती सीटवर ठेवावी लागते, ती कलंडते, असं तिचं म्हणणं. वय पंचाहत्तर. ती ताईच्या स्कूटरवर मागे बसली, आता सलवार-कमीज असल्यामुळे दोन्हीकडे पाय टाकून, मूर्तीचं तोंड आपल्याकडे, डोक्यावर त्याच प्रकारचा रुमाल. पदर नव्हता म्हणून ओढणी खोचली. मग ताईच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.