दोष कार्डाचा कीं धुळीचा?

उन्हाळ्यांत मुंबई-नाशिक महामार्गाची धूळ व पावसाळ्यांत ओल आम्हां आसनगांवकरांच्या घरांत शिरते. त्यांतून संगणकही सुटत नाहीं. गेल्या आषाढांत आमच्या संगणकाच्या पडद्यावर रंगीत रेघा उमटल्या व लवकरच पडदा काळा पडला. चित्र सिद्ध करून पडद्याकडे धाडणारें ग्राफिक्स कार्ड गेलें, असें आम्हांस वाटलें. नवें कार्ड म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची फेरी आणि वडिलांच्या खिशास चाट! म्हणून आधीं परीक्षा करण्याचें ठरविलें.

केबल बदलून पाहिली. गुण आला नाहीं. मग वीज बंद करून, प्लग काढून, अंगांतील स्थिर वीज निघून जावी म्हणून पेटीच्या धातूस हात लावला व कार्ड अलगद उपसलें. केबल मदरबोर्डास जोडून संगणक सुरू करतांच चित्र स्वच्छ दिसलें. अर्थात् पडदा निर्दोष होता! पुन्हां वीज तोडून कार्डाच्या मळलेल्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानें हलकेच पुसल्या, पंख्यांतील धूळ मऊ ब्रशानें झाडली व कार्ड खांचेंत नीट बसविलें. रेघा नाहींशा झाल्या.

इतक्यानें न भागल्यास ड्रायव्हर नव्यानें घालावा, नंतर कार्ड दुसऱ्या संगणकांत लावून पाहावें. तेथेंही तोच दोष दिसला, तरच तें बदलावें. नवें घेतांना पेटींतील जागा व वीजपुरवठ्याची शक्ति अवश्य पाहावी. खांचेंतून कार्डास फार तर ७५ वॅट मिळतात, अधिक लागल्यास निराळी तार जोडावी लागते.

विद्यार्थिमित्रहो, पैसे मागण्यापूर्वी खोडरबर मागा!