ट्रेलरच्या तळफळ्या बदलताना

ट्रॅक्टर, मळणी यंत्र किंवा साखळीवर चालणारे खोदयंत्र वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या फळ्या कुजल्या, तरी वरून त्या पुष्कळ काळ धडधाकट दिसतात. कूज बहुधा खालून, फळी जेथे आडव्या लोखंडी तुळईवर टेकते तेथे माती व पाणी साचून सुरू होते. म्हणून मालकाने ट्रेलरखाली शिरून पेचकसाचे टोक फळीत दाबून पाहावे. टोक सहज आत गेल्यास ती फळी चाक चढताना केव्हा मोडेल याचा नेम नाही. आणि त्या वेळी चालक वर बसलेला असतो.

साग टिकाऊ असून फारसा वाकत नाही; परंतु तो महाग आहे, व लोखंडी साखळीच्या घर्षणास बाभळीइतका पुरत नाही. आपल्या सुतारांनी बैलगाडीची चाके बाभळीची केली ती उगीच नव्हे. मात्र बाभळीचा केवळ तांबूस गाभा घ्यावा. बाहेरच्या पांढुरक्या थरास भुंगा लवकर लागतो. बाभळीची लांब, सरळ फळी क्वचितच मिळते. अशा वेळी ऐन घ्यावा. तो जड व बळकट असतो, पण घाईने वाळविल्यास तडकतो. आंब्याचे लाकूड खोक्यांना ठीक. येथे ते मुळीच वापरू नये.

फळीचे बळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४० मिलिमीटरऐवजी ५० मिलिमीटर जाडीची फळी घेतल्यास लाकूड सव्वापट लागते, पण बळ दीडपटीहून अधिक मिळते. जाडीत काटकसर करणे म्हणूनच तोट्याचे.

पत्रा हलका पडेल, ही समजूत खरी नाही. ५ मिलिमीटर पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३९ किलो, म्हणजे ५० मिलिमीटर ऐनाच्या फळीच्या जवळपासच भरते. शिवाय ओल्या पत्र्यावर लोखंडी साखळी घसरते.

जळके तेल फासण्याची चाल सोडावी. ते खोल मुरत नाही, फळी मात्र निसरडी करते. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ साली शोधलेल्या तांबे-सोमलयुक्त क्षारांची प्रक्रिया दाबाखाली केलेले लाकूड दीर्घकाळ टिकते. परंतु ज्या ट्रेलरमधून धान्य किंवा वैरणही नेली जाते, त्यास ते लावू नये, आणि त्याचे तुकडे चुलीत कदापि जाळू नयेत.

जुन्या फळ्या निघाल्यावर तुळया खरवडून, गंज काढून रंगवाव्यात. वाळलेल्या फळ्यांमध्ये ५-६ मिलिमीटर फट ठेवावी. जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट वापरून त्यांची डोकी फळीत बुडवावीत, व महिन्याभराने ते पुन्हा आवळावेत.