डोळ्यांदेखत निसटलेला खुनी : इटलीचे ‘जाल्लो’ चित्रपट

मिलानच्या मोन्दादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ मध्ये पिवळ्या मुखपृष्ठांची रहस्यकादंबऱ्यांची माला सुरू केली आणि एडगर वॉलेस, अगाथा ख्रिस्ती प्रभृतींच्या भाषांतरांमुळे ती इतकी रुजली की इटलीत गुन्हेकथामात्राला ‘जाल्लो’, म्हणजे पिवळी, हेच नाव पडले. इटलीबाहेरच्या चित्रपट-अभ्यासकांनी मात्र ही संज्ञा १९६०-७० च्या दशकांतील अशा इटालियन चित्रपटांसाठी राखून ठेवली, ज्यांत खुनाचा तपास, भडक रंगांची देखणी दृश्ये आणि एकापाठोपाठ एक घडणाऱ्या क्रूर हत्या एकत्र येतात.

मूळचा छायालेखक असलेल्या मारिओ बावा याने १९६४ च्या ‘सेई दोन्ने पेर लासास्सिनो’ या चित्रपटात एका फॅशन हाऊसमधील तरुणींच्या हत्यांची कथा सांगताना खुन्याला काळे हातमोजे, हॅट आणि नाकडोळे नसलेला मुखवटा दिला, आणि हा वेष पुढे या प्रकाराची खूणच ठरला. परंतु प्रेक्षकांची गर्दी खेचली ती रोममधील एका दैनिकात चित्रपट-समीक्षा लिहिणाऱ्या दारिओ आर्जेंतोच्या पहिल्याच चित्रपटाने. ‘स्फटिकाच्या पिसांचा पक्षी’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा हा चित्रपट १९७० मध्ये आला. त्याचे छायालेखन वित्तोरिओ स्तोरारोचे आणि संगीत एन्निओ मोरिकोनेचे होते. त्याच्या यशानंतर सरडा, इग्वाना, विषारी कोळी अशा प्राण्यांची नावे शीर्षकात घालण्याची निर्मात्यांत अहमहमिका लागली, आणि त्यांतील बऱ्याच चित्रपटांत त्या प्राण्याचा कथेशी संबंध ओढूनताणूनच जोडलेला असे.

आर्जेंतोच्या या चित्रपटात रोममध्ये राहणारा एक अमेरिकन लेखक रात्री रस्त्यावरून जाताना एका कलादालनात चाललेली झटापट पाहतो, मदतीला धावतो आणि काचेच्या दोन दारांमध्ये अडकतो, त्यामुळे त्याला सारे दिसते पण काहीच करता येत नाही. आपण पाहिलेल्या दृश्यात काहीतरी चुकले होते, ही जाणीव त्याला अखेरपर्यंत छळत राहते. ख्रिस्तीच्या कादंबरीतला गुप्तहेर विखुरलेले दुवे तर्काने जुळवतो. इथे पोलीस बहुधा निरुपयोगी असतात आणि परका, हौशी नायक स्वतःची स्मृती पुन्हापुन्हा तपासत बसतो, कारण उत्तर त्याच्या डोळ्यांसमोरून आधीच गेलेले असते. ‘प्रोफोंदो रोस्सो’ (१९७५) मध्ये तर आर्जेंतोने हीच अट प्रेक्षकालाही लागू केली असून, खुन्याचा चेहरा त्यात आरंभीच क्षणभर पडद्यावर येऊन जातो.

हे मर्म लक्षात घेतले नाही तर या चित्रपटांची फक्त कमजोर बाजू उरते, आणि ती खरोखर कमजोर आहे : कथानकांत योगायोगांचा सुळसुळाट असतो, खुन्याच्या हेतूचे स्पष्टीकरण बालपणीच्या एखाद्या आघातावर ढकलून दिलेले असते आणि स्त्रियांच्या हत्या ज्या चवीने चित्रित केल्या जातात, तिच्यावरील आक्षेप कलेच्या नावाखाली झटकता येणारा नाही.

महानगरातील उच्चभ्रू घरे सोडून लुचिओ फुल्चीने १९७२ मध्ये दक्षिण इटलीतील एका खेड्यात मुलांच्या हत्यांची कथा रचली, तेव्हा पाहण्याच्या या प्रश्नाला वेगळीच धार आली. गावकऱ्यांनी चेटकीण ठरवून साखळदंडांनी झोडपलेली एक निरपराध बाई रक्तबंबाळ अवस्थेत सरपटत हमरस्त्यापर्यंत येते, आणि मोटारींतून जाणारे लोक तिच्याकडे पाहून न थांबता पुढे जातात; या प्रकारातील हे सर्वांत कठोर दृश्य म्हणावे लागेल.

सत्तरचे दशक संपता संपता ही लाट ओसरली. बावाच्या १९७१ च्या एका चित्रपटातील हत्या अमेरिकेच्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ मालिकेत जवळजवळ तशाच्या तशा उतरल्या, पण साक्षीदाराच्या फसलेल्या नजरेचे कोडे त्या मालिकेने मागेच टाकले. ते कोडे अनुभवू इच्छिणाऱ्याने आधी ‘प्रोफोंदो रोस्सो’ पाहावा आणि नायक किंकाळी ऐकून शेजारणीच्या घरात धावत शिरतो, तेव्हा तिथल्या बोळाच्या भिंतींवरून नजर हटवू नये.